सत्तेन्नाचा अंगठा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. सत्तेन्ना. संक्रांतीच्या झुंजीत कोंबड्याच्या पायाला पातं बांधायचं आणि फाटून आलेला कोंबडा जगवायचा, हा त्याचा धंदा. गोदावरीकडच्या आमच्या गावांत त्याला केवढा मान! मला मात्र त्याची किळस येते.

आमच्या घरात बदाम कोंबड्याला, उकडलेली अंडी कोंबड्याला आणि आम्हाला पेज. झुंजीत कोंबड्याच्या घशात रक्त साठलं की हा चोचीला तोंड लावून ते ओढतो, पचकन थुंकतो आणि त्याच तोंडाने मला लाडाने हाक मारतो. शी!

पण जखमेवर त्याचा अंगठा बसला की बसला. धुतलेल्या फडक्याची घडी घालून दाबून धरणार, मध्ये उचलून बघणार नाही. "उचललंस की गेलं," म्हणायचा. "रक्ताला थांबायला सवड द्यावी लागते गं." मी तापाने फणफणले तरी माझ्या कपाळाला त्याचा हात कधी लागला नाही.

यंदा भोगीच्या दिवशी मी झुंजीच्या शेताच्या बांधावर मिरचीची बज्जी आणि कॉफी विकत बसले होते. सत्तेन्ना ज्यांचे कोंबडे सांभाळतो त्या मालकांचा तांबडा कोंबडा रिंगणात सोडायला माझा धाकटा भाऊ नूकराजू होता. एवढ्यात एकजण धावत आला आणि माझा कॉफीच्या पुडीचा डबाच उचलून पळाला.

"अरे मेल्या, डबा कुठं नेतोस?"

"जखमेत भरायला! नूकराजूच्या मांडीला पातं लागलं!"

मी बज्जीवरचं फडकं हातात घेऊन तशीच धावले. नूकराजू आडवा पडला होता, पंचा लालभडक. एका शहाण्याने गुडघ्याखाली दोरी आवळली होती, जखम वर मांडीत! दुसरा हळद घेऊन उभा, तिसरा दारूची बाटली. चौथा घटकेघटकेला पंचा उचलून "थांबलं का बघू" म्हणत होता आणि प्रत्येक वेळी रक्ताची चिळकांडी उडत होती. दवाखान्याची गाडी बोलवायला कुणी तयार नाही. गाडीमागे पोलीस येतील, झुंज मोडेल! भाऊ पांढराफटक पडत चालला होता आणि यांना झुंजीची काळजी.

सत्तेन्ना तिथेच, हाकेच्या अंतरावर. मांडीवर तांबडा कोंबडा, मानेवर अंगठा.

"अहो, इकडे या! माझा भाऊ चाललाय!"

त्याने मानही वळवली नाही. "अंगठा काढला तर कोंबडा मरेल गं. जिंकत आलाय. समोरचा पडलाय, निकाल लागेपर्यंत एवढा जगू दे."

"अरे मुडद्या, तो माणूस आहे!"

मग मीच गुडघ्यावर बसले. कॉफीचा डबा लाथाडला, फडक्याची घडी जखमेवर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी अंगाचा भार देऊन दाबलं. चौथा पुन्हा बघायला वाकला. "हात लावलास तर चावेन," मी म्हटलं. फडकं भिजलं तेव्हा ते न काढता वरून पंच्याची घडी ठेवली. बज्जी खायला आलेल्या एका रिक्षावाल्याला दया आली. सरकारी दवाखान्यापर्यंत मी हात उचलला नाही. डॉक्टरांनी टाके घातले, रक्त चढवलं. नूकराजू वाचला.

संध्याकाळी सत्तेन्ना दवाखान्यात जेवणाचा डबा घेऊन आला. हरलेल्या कोंबड्याचा रस्सा. आमच्याकडे त्याचा वाटा मिळणं म्हणजे मोठा मान.

"मालकांनी खास दिलाय," तो म्हणाला. "आणि आपला तांबडा जगला बरं का! मी शेवटपर्यंत अंगठा काढलाच नाही."

माझ्या भावाच्या खाटेशी उभा राहून बोलला हे. लाज नाही, काही नाही. मला वाटलं, आता नूकराजू तो डबा त्याच्या तोंडावर फेकणार. नूकराजू कोपरावर उठला.

"जिंकलो का दाजी? शाब्बास! तंगडी मला ठेवा."

दोघं एकाच डब्यात बोटं घालून खाऊ लागले. सत्तेन्ना हाड तोंडात धरून सुर्रकन ओढत होता. दाबून दाबून माझी बोटं अजून सरळ होत नव्हती.

"अगं, हात धुऊन ये, तूही घे," तो म्हणाला.

मी नळाशी गेले आणि भडाभडा ओकले. आतून नूकराजूची हाक आली, "अक्का, येताना पाणी आण गं. फार तिखट झालंय!"