समुद्र मागायला निघालेली लेकरं

मार्थाबाईंची आणि माझी ओळख एका परातीपासून सुरू झाली. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी लग्न होऊन नांदेडहून जळकोटजवळच्या या गावात आले होते. पहिल्याच रविवारी चर्चमधली उपासना संपताच बाईंनी माझ्या हातात पितळी परात ठेवली. "नवी नवरी ना तू? चल, आज पानी आन् जमीन वेगळी करायचीय," म्हणाल्या. नाव विचारलं ते नंतर!

मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, रविवारच्या शाळेत बाई दर रविवारी बायबलातल्या उत्पत्तीचा, देवानं जग घडवलं त्यातला एक दिवस शिकवत. पहिल्या दिवसाला दारं-खिडक्या लावून मिट्ट अंधार करायचा आणि लेकरं ओरडायला लागली की एकदम दार उघडायचं. तिसऱ्या दिवसाला परातीत मातीचे डोंगर थापायचे आणि उरलेल्या जागेत पाण्याचा समुद्र करायचा. पाचव्या दिवसाला त्यांनी केलेल्या मातीच्या माशाला मी बेडूक म्हटलं, तर बाईंनी माझ्याशी अबोला धरला होता. पण माझ्या पहिल्या बाळंतपणात उशाशी रात्रंदिवस बसून राहिल्या त्याही याच बाई.

वर्गाला शेजारच्या बौद्ध वस्तीतली, शेतकऱ्यांची, कुणाचीही लेकरं येत. "गोष्ट ऐकली म्हनून कुनाचा धर्म बदलत न्हाई," असं बाई आईबापांना तोंडावर सांगत आणि तो शब्द त्यांनी कायम पाळला.

पुढं दुष्काळ पडला. टँकर आला तर आला. अशातच तिसऱ्या दिवसाचा रविवार उजाडला. बाईंनी घरून आणलेल्या तांब्याभर पाण्याचा समुद्र केला, आणि त्या डोंगरांबद्दल सांगत होत्या तोवर बौद्ध वस्तीतल्या चिमुरड्या सुजातानं परात तोंडाला लावली.

"बाई, हिनं समुद्र पिला!" एकच गलका झाला. पोरगी रडकुंडीला आली. बाईंनी पदरानं तिच्या हनुवटीचा चिखल पुसला. "पिऊ दे की! देवानं पानी कशाला केलं मग?"

त्या दिवसापासून वर्गाआधी प्रत्येक लेकराला चर्चच्या रांजणातलं पाणी मिळू लागलं. झालं! वर्गात बसायला जागा पुरेना आणि मंडळीचे पंच शमुवेलकाका भडकले. "ही पोरं देवाच्या वचनासाठी न्हाई, पान्यासाठी येऊन राहिलीत. रांजन आपल्याच मान्साला पुरना. पानी बंद करा, न्हाईतर वर्ग बंद करा." काकांचंही अगदीच चूक नव्हतं, त्यांच्या घरात लहान नातवंडं होती.

बाई म्हणाल्या, "हाव, पान्यासाठीच येतेत. तहानलेल्या लेकराला देवाची गोष्ट ऐकू जात न्हाई, काका."

रांजणाला कुलूप लागलं. आता वर्ग मोडला, असंच मी धरून चालले.

पुढच्या रविवारी बाईंनी पुन्हा तिसराच दिवस घेतला. परात कोरडी होती. "बाई, समुद्र कुठाय?" लेकरांनी विचारलं. "गावात हाय. चला, मागून आनू," म्हणत बाई पुढं निघाल्या. आणि पहिलंच दार कुणाचं गाठावं? शमुवेलकाकांचं!

"काका, समुद्र द्या!" लेकरांनी एका सुरात आरोळी ठोकली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सुजाता परात धरून सगळ्यांत पुढं उभी होती. काका आत गेले, घागर घेऊन आले आणि वाकून परातीत पाणी ओतलं. "आधी तू पी," तिला म्हणाले. मग गल्लीतल्या दारादारांतून तांब्या-तांब्या पाणी आलं. त्या उन्हाळ्यात वर्ग एकही रविवार बंद पडला नाही.

बाई आज पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. देवानं त्यांचे गुडघे, डोळे आणि तो खणखणीत आवाज शाबूत ठेवावा, त्यांना निरोगी दीर्घायुष्य द्यावं. ही प्रार्थना थोडी स्वार्थाचीही आहे. दुसऱ्याच्या लेकरासाठी हात पसरताना नाही म्हणणाऱ्याचंच दार आधी वाजवणारं माणूस आमच्या गावात एकच आहे.