ताजी हवा आणि लाल मिरची

मशीन चालू करून दहा मिनिटं झाली नसतील, तोच आतल्या खोलीत सरांना ठसका लागला. मग त्यांच्या पत्नी, काकू, शिंकल्या. मग मी. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि सरांना ओसरीवर आणून बसवलं. त्यांचा मुलगा प्रशांत याने दम्याचा पंप दिला. सरांचा श्वास जरा खाली बसल्यावर तो माझ्याकडे वळला.

"मॅडम, हेच का तुमचं फ्रेश एअर?"

वीस वर्षं एसीच्या धंद्यात आहे, पण तोंड असं पडलं नव्हतं.

मोताळ्यातलं हे घर धाब्याचं. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडांवर मातीचं सपाट छत. सर शाळेतून रिटायर झालेले, जुन्या दम्याचे. रस्त्यापलीकडे कापसातून सरकी काढणारी जिनिंग मिल झाली आणि हवेतून तंतू घरात यायला लागले. म्हणून खिडक्या सील करून एसी लावला. पण एसी आहे तीच हवा थंड करतो, नवी आणत नाही. कोंडलेल्या खोलीत सरांचं डोकं जड व्हायचं, जीव घाबरायचा. प्रशांतने सांगून टाकलं होतं, हे मशीन जमलं नाही तर बाबा माझ्याबरोबर पुण्याला, फ्लॅटवर. त्यांची बॅग भरून दाराशी तयारच होती. सरांना जायचं नव्हतं. तसं ते बोलत नव्हते, फक्त बॅगेकडे पाठ करून बसायचे.

मशीनचं नाव हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन. काम साधं आहे. खोलीतली शिळी पण थंड हवा बाहेर जाते, बाहेरची ताजी पण तापलेली हवा आत येते. मध्ये पातळ पत्रे असतात. दोन्ही हवा शेजारून जातात, मिसळत नाहीत, पण जाणारी आपला गारवा येणारीला देऊन जाते. गरम दुधाचं पातेलं आपण पाण्याच्या परातीत ठेवतो ना, तसंच. दूध निवतं, पाणी दुधात जात नाही. हवा आत घेणाऱ्या पाइपला मी फिल्टर लावला होता आणि तो जिनिंगच्या उलट बाजूला, मागच्या अंगणात काढला होता.

मी अंगणात गेले. गल्लीतल्या चार बायका उखळाभोवती बसून वर्षाचं तिखट कुटत होत्या. माझा पाइप बरोबर त्यांच्या डोक्यावर. फिल्टर कापसाचे तंतू अडवतो, मिरचीची बारीक धूळ नाही.

"दरसाल इथंच कुटतो न पोरी," मागून आलेल्या काकू म्हणाल्या. "साऱ्या गल्लीत उखळ हे एकच."

मी पाहणी केली होती थंडीत. तेव्हा अंगण झाडून चकाचक होतं. बरं, मी काही मुंबईची नाही. इथल्याच जिल्ह्यातल्या जानेफळची. माझी आई दर उन्हाळ्यात तिखट कुटते. मी मात्र शहरात राहून पाकीट फोडायला शिकले आणि हे साफ विसरले. माझी मलाच लाज वाटली.

"आम्ही दुसरीकडं कुटतो," काकू म्हणाल्या.

ओसरीवरून सरांचा आवाज आला. "काऊन? माह्या एकट्यासाठी लोकाइचं तिखट बंद करता काय?"

म्हणजे पाइपच हलवायला हवा होता. भिंतीत पाइपचं भोक पाडणाऱ्या मिस्त्रीने हात जोडले. "ताई, आता भिंतीले हात नको लावू. एक दगड काढला का तीन सुटून राह्यले." प्रशांत म्हणाला, "उद्या दुपारी आम्ही निघतो."

मी घरभर मान वर करून फिरले. मधल्या खोलीत छताची लाकडं एका जागी काळी पडली होती आणि तिथे पत्र्याचा चौकोन ठोकलेला होता.

"काकू, हे काय?"

"पहिले इथं चूल होती. धूर जायले भोक ठेवलं होतं. गॅस आला अन् पत्रा ठोकला."

मला त्या काकूंना मिठीच मारावीशी वाटली. हे घर बांधणाऱ्याने हवेचा रस्ता आधीच ठेवला होता. एक दगड न हलवता पाइप त्या भोकातून धाब्यावर नेला, पुरुषभर उंच केला, उन्हासाठी वरून इन्सुलेशन गुंडाळलं. अंगणाकडचं भोक काकूंनी स्वतः मातीने लिंपून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं. मी अंगणात जाऊन म्हटलं, "कुटा. चांगलं जोरात कुटा."

तासभर मुसळ चालू होतं. प्रशांत खुर्चीच्या टोकावर बसून वडिलांच्या छातीकडे बघत होता. मी तापमानाचं मीटर धरून उभी. बाहेर ऊन रणरणायला लागलं होतं, आत येणारी हवा त्याच्या मानाने चांगलीच गार होती. ठसका नाही, शिंक नाही. सरांनी पेपरचं पान उलटलं.

"प्रशांत," पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले, "ते बॅग आत नेऊन ठेव."

प्रशांतने बॅग उचलली आणि आत नेली. मी मीटरकडेच बघत राहिले.

आता माझ्या पाहणीच्या फॉर्मवर एक ओळ वाढली आहे: तिखट कुठे कुटता? कंपनीचे साहेब ती वाचून हसतात. हसू द्या. मोताळ्याच्या मशीनची आजवर एकही कंप्लेंट आलेली नाही. तिखट येतं, दर उन्हाळ्यात, डबा भरून.