खरबुजाचं हार्बूझ

१२ ऑक्टोबर, शनिवार. रात्री फ्रॉस्ट पडणार होतं, म्हणून मी सकाळपासून परसातले भोपळे देठासकट कापून बेसमेंटमध्ये नेत होते.

दुपारी शेजारीण आली, सोबत तिचा मुलगा. ती मूळची युक्रेनची, निवृत्त शिक्षिका. मुलगा इथे केंब्रिजलाच मोटारींच्या कारखान्यात आहे. तो आणि माझी मुलगी दोन वर्षं बरोबर फिरतात हे दोन्ही घरांना ठाऊक होतं, विषय कुणी काढला नव्हता. तिने घरी भाजलेला पाव टेबलावर ठेवला.

"मुलं लग्न करू म्हणतात. तुमचं काय मत?"

मुलगी कामावरून आली की बोलू, असं मी म्हटलं. निघताना तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? घरात नारळ नव्हता, म्हणून सगळ्यांत मोठा भोपळा दिला. तिने मुलाकडे पाहिलं. मुलाने भोपळा उचलला आणि दोघं गेली.

संध्याकाळी मुलगी बूट न काढताच स्वयंपाकघरात आली.

"आई, यू गेव्ह देम अ पंपकिन? त्यांच्यात मुलीकडच्यांनी भोपळा दिला म्हणजे नकार असतो. तो फोनवर रडत होता."

"सहा किलोचा नकार," नवरा म्हणाला. "तुझी आई हातचं राखून काही करत नाही."

"बाबा, नॉट फनी."

शेजारीण भोपळ्याला हार्बूझ म्हणते. मी तो शब्द शोधून पाहिला. मूळ फारसी, आपल्या खरबुजाचंच. तुर्की भाषांमधून तो वर सरकला. रशियन आणि पोलिशमध्ये त्याचा अर्बूझ होऊन तो कलिंगडाला चिकटला, युक्रेनियनमध्ये भोपळ्याला. कलिंगडाला ते कावून म्हणतात, आणि तुर्कस्तानात कावून म्हणजे खरबूज. एवढं वाचून झालं तरी मुलगी जेवायला आली नव्हती.

"फोन तरी कर त्यांना," नवरा म्हणाला.

"फोनवर काय सांगू?"

रविवारी सकाळी आठ वाजता गाऊनवर जॅकेट चढवून मी पलीकडे गेले. भोपळा त्यांच्या पायरीवरच होता. बेल वाजवली. शेजारणीने दार अर्धवट उघडलं.

"हा चुकून दिला, परत नेते," मी म्हटलं. "आमच्याकडे पाहुण्यांना काहीतरी देतात, तेवढंच होतं ते. आणि काल मत विचारलंत ना, आमचं हो आहे."

तिने दार पूर्ण उघडलं. मी भोपळा उचलून घरी आणला.