विश्रामदादाने न कापलेली शिट्टी

आमच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाला टिकत नाही, म्हणून गिटारही मीच वाजवते, माझ्या सिंथच्या कीबोर्डवर. गिटार स्पीकरसमोर धरली की सूर लांबतो आणि त्यातून एक किंचाळी फुटते, ती जमायला मला दोन वर्षं लागली. पट्टी दाबून ठेवायची, बाजूचं चाक हळूहळू पुढे ढकलायचं. खालचा सूर विरतो आणि वरची शिट्टी तेवढी उरते. काय अंगावर काटा येतो, सांगू!

पण आमचा साउंडवाला विश्रामदादा! मोहने गावचा माणूस, तीस वर्षं माइकच्या शिट्ट्या बंद करण्यात घालवलेला. कल्याण-डोंबिवलीतल्या कुठल्याही हॉलमध्ये माइक कुंई करायच्या आत याचं बोट नेमक्या बटणावर. त्या कानांवरच त्याचं घर चालतं. माझी शिट्टी आली की भर कार्यक्रमात माझाही आवाज खाली!

"अरे दादा, ती मुद्दाम काढते मी!"

"मुद्दाम असो नाहीतर चुकून. माझ्या स्टेजवर शिट्टी नको."

असं डोकं फिरायचं ना माझं! गेल्या वर्षापासून तो जरा उशिरा कापायला लागला, तेव्हा वाटलं, नरमला बाबा.

परवा माजिवड्याच्या एका सोसायटीत कार्यक्रम होता. चाक ढकललं. आता कापेल, आता कापेल... कापलीच नाही! अख्खी शिट्टी हॉलभर गेली. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कान झाकले, मागची पोरं ओरडली. मी तर हवेतच.

कार्यक्रम संपल्यावर धावत गेले. "दादा, थँक्यू! आज सोडलीस माझी शिट्टी."

"कुठली शिट्टी? आज वाजवलीसच कुठे? शहाणी झालीस एकदाची."

मस्करी करतोय वाटलं. पण तो हसत नव्हता.

"वाजव बघू," तो म्हणाला.

वाजवली. झाडू मारणाऱ्या मावशी दचकून वळल्या. दादा मान तिरकी करून उभा. "सूर गेला. पुढे?"

"पुढे काही नाही रे," मी म्हटलं. एवढं पटकन खोटं मी जन्मात बोलले नव्हते. "वायर लूज असेल."

पट्टीवरचं बोट मात्र काढायचंच राहिलं. त्याने मिक्सरकडे पाहिलं. आवाज येत असला की पेटणारा माझ्या चॅनलचा लाल दिवा अजून पेटलेला होता. बराच वेळ तो त्या दिव्याकडे बघत राहिला. मग दिवा विझेपर्यंत आवाज खाली ओढला.

"गेली का गं आता?" त्याने विचारलं.