वीस दातांची अट

सूर्यमाळच्या जमुनाला साखरेचा आजार होता आणि दात घासताना हिरड्यांतून भळाभळा रक्त यायचं. दवाखान्यात गोळ्या आणायला जायची तेव्हा ती हे सांगायची; कुणी मेल्याने कधी तोंडात डोकावून बघितलं नाही. मग शहरातून अभ्यासवाले आले. साखरेच्या माणसांचा हिरड्यांचा रोग नुसत्या रक्तातल्या खुणांवरून ओळखता येतो का, हे त्यांना बघायचं होतं. जमुना मजुरी बुडवून रांगेत बसली. तीन नळ्या भरून रक्त गेलं. तोंड मिटलेलंच राहिलं.

आठ महिन्यांनी अभ्यासवाल्यांच्या डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. "मावशी, तुमच्या रक्तात सुजेच्या खुणा फार दिसतात. हिरड्या बघू या, आ करा."

जमुनाने आ केला. बाईंनी दात मोजले, सतरा भरले. "अभ्यासाला निदान वीस लागतात हो," त्या म्हणाल्या आणि यादीतल्या तिच्या नावावर रेघ मारली.

जमुनाचं डोकं फिरलं. "रक्त नेलंत तवा एकवीस होते, बाई. हलायला लागले तसे चार मीच उपटून फेकले. तवा मोजायला हात मोडले होते का तुमचे?"