निरोप देऊन झाला आणि वैशाली इथेच

शनिवारी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर समोर चौथ्या मजल्यावरची सई, आणि तिच्यासोबत वॉचमनकडची सामानाची ट्रॉली.

"गुड मॉर्निंग, काकू. कॅन आय हॅव माय टेबल बॅक?"

चक्क हसत विचारलं तिने! मीच गडबडले... कारण हे टेबल परत कसं द्यायचं, या विचाराने गेले कित्येक दिवस माझं डोकं उठलं होतं.

थांबा, नीट सांगते. सईची आई वैशाली म्हणजे माझी इथली, आखातातल्या अल कुसैसमधली, सगळ्यात जुनी मैत्रीण. वयस्कर, आजारी माणसांची घरी जाऊन देखभाल करायचं काम करते. हात इतका हलका की तिचे पेशंट दुसऱ्या कुणाकडून अंघोळसुद्धा घालून घेत नाहीत.

पण इथे नोकरी आहे तोवर व्हिसा. उद्याचं काय, ही धाकधूक कायम. म्हणून तिने यूकेमध्ये केअर वर्करच्या कामासाठी प्रयत्न सुरू केले. ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला, तिकडच्या एका केअर होमने हो म्हटलं आणि बाई हवेत!

अडचण एकच होती. केअर वर्करला पूर्वी तिकडे नवरा-मुलांना सोबत नेता यायचं, ते नियम बदलून बंद केलेलं. त्यामुळे ठरलं असं की वैशाली यूकेला जाणार, तिचा नवरा महेश इथेच शेअरिंगच्या खोलीत राहणार आणि आठवीतली सई नाशिकला मामाकडे. एक घर, तीन देश... "थोडी वर्षं कळ काढू," वैशाली म्हणायची. सई काहीच म्हणायची नाही. आम्ही सगळ्याजणी कौतुकाने म्हणायचो, किती समजूतदार मुलगी आहे!

इथून कुणी कायमचं निघालं की त्यांचं घर आधी ओळखीच्यांत वाटलं जातं. आणि जाणाऱ्याने दिलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नाही, हा आमच्या बिल्डिंगचा अलिखित नियम. सोफा तिसऱ्या मजल्यावर गेला, मिक्सर शेजारच्या मल्याळी ताईकडे, आमच्या चेचीकडे, आणि माझ्याकडे आली तुळस आणि सईचं स्टडी टेबल. त्या टेबलावर आमच्याकडे लगेच इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग बसला, हे वेगळं सांगायला नको.

व्हिसा अजून हातात नव्हता हं. पण आम्हाला निरोप द्यायची कोण घाई! पुरणपोळ्या झाल्या, ओटी भरून झाली, गळ्यात पडून रडून झालं, फोटो स्टेटसला लावून झाले.

आणि मग बातमी आली. यूकेने बाहेरच्या देशांतून नवे केअर वर्कर घेणंच बंद केलं. वैशालीचे कागद तिकडून निघायचेच राहिले होते. एजंटचा फोन आला, "मॅडम, रूल चेंज हो गया. अब खलास."

वैशाली त्या दिवसापासून आम्हाला टाळायला लागली. लिफ्टमध्ये भेटली तरी मोबाइलमध्ये बघायची. मला खरंच फार वाईट वाटत होतं. दोन्ही नियमांचा रागही येत होता... आधी म्हणे एकटी ये, आणि ही बिचारी मन घट्ट करून एकटी निघाली, तर म्हणे आता तीही नको.

आता त्या वस्तूंचं काय करायचं? परत नेऊन द्याव्यात तर 'तुझं काही आता होत नाही' असं तोंडावर म्हटल्यासारखं. न द्याव्यात तर ते लोक तिकडे जमिनीवर बसून जेवतायत. आम्ही बायकांनी वैशालीला वगळून एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि त्यावर भरपूर चर्चा केली. निष्पन्न काही नाही.

आणि आता दारात सई. ट्रॉलीवर चेचीकडे गेलेला मिक्सर आधीच येऊन बसलेला.

"आईने पाठवलं का गं?"

"नो, शी इज स्लीपिंग. बट वी आर स्टेइंग, ना काकू? ऑल ऑफ अस. सो वी नीड अवर थिंग्ज." इतका फुललेला चेहरा तिचा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

इस्त्रीचे कपडे पलंगावर फेकले, टेबल ट्रॉलीवर आडवं टाकलं, तुळस मी उचलली आणि आमची वरात चौथ्या मजल्यावर निघाली.

दार वैशालीनेच उघडलं. ट्रॉली बघून भडकली. "मागत फिरलीस दारोदार? लोक काय म्हणतील?"

सई क्षणभर घाबरली. मग म्हणाली, "मम्मा, आय नेव्हर वॉन्टेड टू गो टू नाशिक. आय जस्ट डिडन्ट टेल यू." आणि टेबल ढकलत आपल्या खोलीत निघून गेली.

वैशाली दारातच बसली. "मी रोज तिला सांगायचे गं, मामाकडे किती मजा येईल. एकदा तरी बोलायचं होतं तिने..." आणि खूप रडली. यूके हुकलं म्हणून की लेकीसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. मीही हातात तुळस धरून तिच्यासोबत रडले.

संध्याकाळपर्यंत सोफाही आला. सगळे जणू बोलावण्याचीच वाट बघत होते. महेश आल्यावर सोफ्यावर बसला आणि चहा दोनदा मागून घेतला.

वैशालीचं दुःख खरं आहे आणि सईचा आनंदही खरा आहे. दोन्ही एकाच घरात आहेत. वैशाली पुन्हा कुठेतरी प्रयत्न करणारच, इन्शाल्ला जमेलही. पुरणपोळ्या मी पुन्हा करीन, ओटीही भरीन.

फक्त या वेळी आधी सईला विचारून.