काँक्रीटची भाकरी

आमचे वडील कोयनेच्या धरणावर काँक्रीटचे सुपरवायझर होते. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचं प्रमाण बरोबर जमलं की जगात काहीही उभं करता येतं, अशी त्यांची श्रद्धा होती. भाकरीशी त्यांची गाठ तोवर फक्त ताटातच पडली होती.

झालं असं, की आमच्या कॉलनीत बालवाडी निघणार होती आणि आईला तिथं शिकवायचं होतं. आई सातवी पास, वय चाळिशीकडे झुकलेलं. लग्नानंतर पुस्तकाशी संबंध एवढाच, की माझ्या पुस्तकांना ती कव्हरं घालायची. बालवाडीसाठी सांगलीला सहा महिन्यांचं ट्रेनिंग करावं लागणार होतं. मामा सांगलीतच असल्यामुळे तिची राहायची सोय होती. प्रश्न आमच्या पोटाचा होता. शेजारच्या काकूंनी तो चुटकीसरशी सोडवला. "आवं भावजी, घरात एवढी घोडी झालेली पोरगी हाय की!"

"ती मॅट्रिकला हाय," वडील म्हणाले. "सैपाक मी करणार."

बीजगणितापेक्षा मी चूल आनंदाने पत्करली असती, पण मला विचारतो कोण? आईने निघताना वडिलांना बजावलं, "तुमी दोघं उपाशी ऱ्हाताय असं कळलं, तर मी एक दिस तिथं थांबायची न्हाई."

पहिल्या रविवारी वडिलांनी पीठ आणि पाणी वाटीने मोजून घेतलं आणि पुढच्या चार दिवसांच्या भाकरी एकदम थापल्या. कच्च्याच. त्या फळीवर ओळीने मांडून वर ओलं गोणपाट टाकलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तडा जाऊ न्हाई म्हणून. धरणावर बी असंच करतो. ओलं ठिवलं की माल पक्का व्हतो."

दुसऱ्या दिवशी माल आंबून फळीला चिकटला होता. मी तो उलथन्याने खरवडला. वास काकूंच्या घरापर्यंत गेला आणि तिथून बातमी कॉलनीभर. मग कोणी ताक द्यायला, कोणी कोथिंबीर मागायला, अशा बायका आमच्या स्वयंपाकघरात डोकावू लागल्या. वडिलांनी मात्र हेका सोडला नाही. दीड-दोन महिन्यांत त्यांची भाकरी खाण्याजोगी झाली, म्हणजे आमटीत बुडवून बराच वेळ धीर धरला तर.

अशात एका शनिवारी संध्याकाळी आई न कळवता आली. बरोबर सगळं सामान भरलेली ट्रंक होती.

"माझ्या डोक्यात काय बी शिरंना," ती म्हणाली. "समद्या पोरी इशीच्या. परवा गोष्ट सांगाया हुबं केलं, तर तोंडातनं शबुद फुटंना. पोरी लय हसल्या. बास झालं आता. सरका, मी करते भाकरी."

वडील चुलीपुढून हलले नाहीत. त्यांनी भाकरी थापली, उचलली, ती मोडली. पुन्हा गोळा केला, पुन्हा मोडली. आईचे हात शिवशिवत होते.

"पिठाची विरी गेलीया, चिकटपणा ऱ्हायला न्हाई. गार पाण्यानं चिकटंल व्हय ते? आधणाचं पाणी घाला."

"किती?"

"माप नसतंय त्याला. हाताला कळतंय."

"माझ्या हाताला कवा कळायचं?"

"रोज केलं की कळंल!" आई खेकसली. "मी पैली भाकरी केली तवा सासूबाई काय कमी हसल्या व्हत्या? हसंनात का लोक! हसून हसून किती हसतील? म्हणून काय करायचं सोडायचं?"

बोलून झाल्यावर तिने दाराशी ठेवलेल्या ट्रंकेकडे बघितलं. वडील मान खाली घालून पीठ मळत राहिले. हे त्यांनी मुद्दाम घडवून आणलं की काय, देव जाणे. मला तसं वाटत नाही, कारण भाकरी त्यांना खरोखरच येत नव्हती. मी मात्र फिस्सकन हसले आणि आईने माझ्या पाठीत धपाटा घातला.

मग वडिलांनी आधण ठेवलं. त्या पाण्याने मळलेली भाकरी मोडली नाही. फुगलीही नाही, एका बाजूने करपली. आईने परात पुढे ओढली नाही. ती भाकरी तिने ताटात घेतली, चुलीशेजारी बसून कडेसकट सगळी संपवली आणि पदराला हात पुसत मला म्हणाली, "सकाळची सांगलीची यष्टी किती वाजता हाय, बघून ये जा."